सार्जंटबाईंचा बिघडलेला फोटो

टोपली रिकामी होती.

इसिमेलीने ती उलटी करून दोनदा झटकली. केवड्याच्या पानाचा एक तुकडा तेवढा खाली पडला. मेणबत्ती खाली धरून त्याने जमीन पाहिली, मग टेबलाखाली पाहिलं, मग सरळ उभा राहिला.

"तंबुआ गेला," तो म्हणाला आणि त्याने केलेराकडे बोट दाखवलं. "हिने घेतला."

केलेरा आरशाला पाठ लावून उभी होती. हातातला पावडरचा पफ तिने पोटाशी घट्ट धरला होता. 

"बोट खाली घ्या," सार्जंट तारायविनी म्हणाली. आवाज तिने पोलिसी काढला खरा, पण मनातून ती शरमली होती. इसिमेलीने बोट दाखवायच्या आधी तिचीही नजर केलेराकडेच गेली होती.

त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी सोनाराच्या दुकानातून चार बांगड्या उचलल्या म्हणून केलेराला बेड्या पडल्या, त्या तारायविनीनेच घातल्या होत्या. आठ महिने आत काढून ती आली, परमलच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याला पावडर लावायला लागली आणि तेव्हापासून नाकासमोर चालली. पण लंबासासारख्या गावात एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. तिला सात वर्षांची मुलगी होती. आई पुन्हा चोरीत सापडली तर मुलगी सरकारी आश्रमात जाईल, असं कल्याण खात्याच्या बाईंनी तिला लिहून दिलं होतं. हे गावभर सगळ्यांना ठाऊक होतं.

"दार उघडा आणि पोलीस बोलवा," इसिमेली म्हणाला.

"पोलीस इथेच आहे. आणि दार उघडत नाही."

दार खरोखरच उघडत नव्हतं. वादळ रात्री येणार असं रेडिओ सकाळी सांगत होता, ते दुपारी बारालाच येऊन ठेपलं. नदी रस्त्यावर आली. खालच्या चपलांच्या दुकानात कमरेइतकं पाणी होतं आणि जिन्याच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या, त्यामुळे जिन्याखालचं दार पाण्याच्या दाबाने घट्ट बसलं होतं. वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत पाच माणसं अडकली होती. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, वीज गेलेली, दुपारी तीनला आत मिट्ट काळोख. फळ्या सारख्या धडधडत होत्या. तारायविनीला कोंडलेल्या जागेचा लहानपणापासून धसका होता. लिफ्टमध्येसुद्धा ती डोळे मिटून उभी राहायची. आता तिच्या छातीवर कोणी बसल्यासारखं झालं होतं, आणि हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

तंबुआ म्हणजे देवमाशाचा वीतभर दात. तो विकायला काढला तर किती येतील, हा प्रश्नच नव्हता. तो पुढे ठेवल्याशिवाय लग्न जुळत नाही आणि मोठ्या अपराधाची माफी मिळत नाही. इसिमेलीच्या भाच्याने, वाइसालेने, नदीपलीकडच्या गावातली विनियाना पळवून आणली होती. उद्या इसिमेलीने तिच्या बापापुढे गुडघे टेकून तंबुआ धरायचा, असं त्यांच्या गावाने ठरवलं होतं. इसिमेली चर्चचा वडीलधारा. चर्चच्या पुस्तकासाठी त्याला फोटोही हवा होता. एका फेरीत दोन कामं म्हणून मामा-भाचे शहरात आले आणि अडकले.

"एक बरं आहे," तारायविनी म्हणाली. "बाहेर कोणी गेलेलं नाही. म्हणजे दात या चार भिंतींतच आहे. शोधू."

त्यांनी एक तास शोधलं. पावडरचे डबे ओतले, गाद्या उसवल्या, संडासाच्या टाकीत हात घातला. दिव्यांच्या तिकाटण्यांवर ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या रिकाम्या केल्या. परमलने कॅमेऱ्याच्या पेट्या स्वतः उघडून दाखवल्या. पांढऱ्या कापडाने तोंड झाकलेले त्याचे मोठाले दिवे मात्र त्याने कोणाला हलवू दिले नाहीत. स्वतःच मेणबत्ती घेऊन त्यांच्याभोवती फिरला. तारायविनीने सगळ्यांची झडती घेतली, स्वतःचीही पिशवी उलटी केली. बिस्किटांचा पुडा, बांगडा माशाचा डबा आणि उकडलेल्या कसावा कंदाचे चार तुकडे एवढंच हाती लागलं. ते सगळ्यांनी वाटून खाल्लं. केलेराला कोणी दिलं नाही, तेव्हा तारायविनीने आपल्यातलं अर्धं तिला दिलं.

मग फोटोसाठी बसायचं स्टूल तिने भिंतीशी ओढलं आणि एकेकाला बोलावलं.

आधी इसिमेली.

"टोपली कधी ठेवलीत?"

"आल्या आल्या. अकराला. त्या बाईच्या आरशाखाली."

"तंबुआ आत होता?"

"लाल कापडात गुंडाळलेला. आमच्या घरी तो उघडा खाली ठेवत नाहीत. माझ्या आज्याच्याही आधीपासूनची शिस्त आहे ती."

"त्यानंतर टोपली कधी उघडलीत?"

"आत्ताच. म्हटलं, वादळ आहे, तंबुआ हातात घेऊन प्रार्थना करू."

"मधल्या वेळात त्या खोलीत कोण होतं?"

"काय विचारता, बाई? वीज गेल्यावर आम्ही सगळे पुढच्या खोलीत आलो. ही दोन तास दार लावून आत. एकटी. आणखी काय हवंय?"

तारायविनीने पेन्सिल उचलली. तिने वहीत लिहिलं, 'वीज एक वाजता गेली. तीनपर्यंत केलेरा एकटी.' लिहिताना तिला वाटलं, आपण फास विणतोय.

मग वाइसाले आला. चोवीस वर्षांचा, उसाचा ट्रक चालवणारा. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तंबुआ नाही मिळाला तर तुझं काय?"

"माझं सगळंच गेलं. उद्या आम्ही पोचलो नाही, तर तिचे भाऊ तिला परत नेऊन समुद्रापलीकडे सुवाला आत्याकडे धाडतील. मग मला तिचं तोंडही दिसायचं नाही."

"मामांना जायचं होतं उद्या?"

"गावाने ठरवलं ना."

"गावाचं नाही विचारलं मी."

वाइसालेने बोटं मोडली. "आपलेच दात, आपलेच ओठ. काय बोलू, सार्जंटबाई? विनियानाच्या बापाने मामांना भर सभेत खोटारडा म्हटलं होतं. जमिनीच्या भांडणात. वीस वर्षं झाली. मामा अजून त्या गावावरून बस जाताना दुसऱ्या बाजूला तोंड करून बसतात. पण येतो म्हणाले माझ्यासाठी. बापासारखं वाढवलंय त्यांनी मला."

"फोटो झाल्यावर तू कुठे होतास?"

"आधी माझा झाला, मग मामांचा. तेवढ्यात पुढची खिडकी सुटली. मी आणि परमलभैया फळ्या ठोकायला धावलो."

"आणि मामा?"

"स्टुडिओतच. कोट उतरवून घडी करत होते."

शेवटी केलेरा आली. स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"मी नाही घेतला."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी खोटं बोलले होते."

तारायविनीने पेन्सिल खाली ठेवली. "दोन तास दार लावून काय करत होतीस?"

"रडत होते. माझी पोर, लोसाना, शेजारणीकडे आहे. त्यांचं घर नदीकाठी. फोन लागत नाही. तुम्हा सगळ्यांपुढे रडायचं नव्हतं."

"टोपलीला हात लावलास?"

"एकदा. तुम्हाला पावडर लावत होते तेव्हा डबा काढायला सरकवली. हलकी लागली. अगदी कागदासारखी."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"दुसऱ्याच्या टोपलीत काय आहे याची चौकशी मी करायची? मी?" केलेरा हसली, पण त्यात हसू नव्हतं. "आणि हे तुम्ही लिहून घेतलंत तरी मानणार कोण? मी तुमच्या जागी असते तर मीही मानलं नसतं."

ती आत गेली. तारायविनी त्याच स्टुलावर बसून राहिली. वारा वाढला होता. छपराचा एक पत्रा कुठेतरी सारखा आपटत होता. अकरा दिवसांनी ती निवृत्त होणार होती. तेहतीस वर्षांच्या नोकरीचं शेवटचं काम म्हणून याच बाईला दुसऱ्यांदा आत टाकायचं. आणि उठून बाहेर पडावं तर दारही उघडत नव्हतं.

परमल मेणबत्ती घेऊन आला. साठीचा, वाळका माणूस. हातात कॅमेरा होता.

"बाई, तुमचा फोटो राहिला तो राहिलाच," तो म्हणाला. त्याला चोरीपेक्षा तेच जास्त लागलेलं दिसत होतं. "तीस वर्षांत असा फोटो माझ्या हातून गेला नाही."

फोटो खरंच बिघडला होता. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचा फोटो चौकीच्या भिंतीवर लागतो, म्हणून तारायविनी आली होती. आजवर तिचा एकही फोटो धड आला नव्हता. ओळखपत्रावर ती चुलीतल्या राखेसारखी दिसायची, भाचीच्या लग्नात नुसते दात दिसत होते. काळ्या कातडीचा फोटो काढावा तर परमलने, असं सगळे सांगायचे. परमलचं म्हणणं साधं होतं. कातडी उजळवायची नाही, तिच्यात जे आहे ते बाहेर काढायचं. मोठा दिवा घ्यायचा, पांढऱ्या कापडातून गाळून चेहऱ्याजवळ आणायचा, समोरून न मारता बाजूने टाकायचा, की मधासारखा रंग आपोआप वर येतो. या बाबतीत तो इतका काटेकोर होता, की सकाळी तारायविनीची लाल छत्रीसुद्धा त्याने जिन्यात ठेवायला लावली होती. जवळचा रंग कातडीवर चढतो म्हणून. आणि एवढं करून तिचा चेहरा आला तो उकडलेल्या खेकड्यासारखा. परमल केलेरावर खेकसला होता, "कुठली पावडर लावलीस?" ती म्हणाली होती, "सकाळपासून तोच डबा आहे." पुन्हा काढू म्हणेपर्यंत वीज गेली.

"बघू तरी पुन्हा," तारायविनी म्हणाली. निदान त्या चौकोनी पडद्याचा उजेड तरी मिळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

परमलने कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा लावून दिला. एकेक फोटो सरकू लागला. वाइसाले. इसिमेली. मग ती. प्रत्येकाचा पहिला फोटो सारखाच होता. बसणाऱ्याने हनुवटीखाली एक करडं कार्ड धरलेलं.

"हे कशाला धरायला लावता हो?"

"दिव्याचा रंग तपासायला. चेहरे दहा तऱ्हेचे असतात, त्यांच्यावरून काय कळणार? कार्ड एकच. ते करडं दिसलं म्हणजे दिवा खरा."

तारायविनीने फोटो मागे सरकवले. पुढे सरकवले. पुन्हा मागे.

"परमलभैया," ती म्हणाली, "केलेराने कार्डालाही पावडर लावली होती का?"

"म्हणजे?"

"इसिमेलींच्या हातात कार्ड करडं आहे. माझ्या हातात तेच कार्ड गुलाबी आहे."

परमलने पडदा नाकाजवळ नेला. मग त्यानेही फोटो मागेपुढे केले.

"दिवा बदलला होतात?"

"छे. सकाळी मांडला की संध्याकाळपर्यंत मी त्याला बोट लावत नाही."

"माझ्या अंगावर लाल काही होतं?"

"निळा सदरा. लाल असतं तर मी बसूच दिलं नसतं." परमलचा आवाज एकदम खाली गेला. "पण बाई, मग लाल आलं कुठून?"

तारायविनी उठली. तास दीड तासात पहिल्यांदाच तिला नीट श्वास घेता आला.

"सगळ्यांना स्टुडिओत बोलवा," ती म्हणाली. "आणि दिव्याला हात लावू नका. मी सांगेन तेव्हा लावा."

सगळे आले. इसिमेली दाराशी उभा राहिला, वाइसाले त्याच्या शेजारी. केलेरा लांब, फोटोमागे लावायच्या पडद्याजवळ.

"आपण सगळ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली," तारायविनी म्हणाली. "तंबुआ वीज गेल्यावर चोरीला गेला. कारण तेव्हा काळोख होता, आणि केलेरा एकटी होती. चोर काळोखातच येतो असं आपल्याला वाटतं. आणि चोर म्हटलं की हीच आठवते. मलासुद्धा."

केलेराने मान वर केली.

"पण माझा फोटो वीज जायच्या आधीचा आहे. तो लाल आला. पावडरीमुळे नाही, कारण कार्डसुद्धा लाल आलं. म्हणजे उजेडच लाल होता. इसिमेलींचा फोटो काढताना तो स्वच्छ होता. मधल्या पंधरा मिनिटांत दिव्यात काहीतरी लाल जाऊन बसलं. परमलभैया, या दिव्याच्या पेटीचं तोंड कसं उघडतं?"

"कापड नुसतं चिकटवलेलं असतं. कोपरा ओढला की निघतं. सकाळी सगळ्यांसमोरच मी ते पुसून लावलं होतं."

"त्या पंधरा मिनिटांत तुम्ही आणि वाइसाले पुढे फळ्या ठोकत होता. दोघंही एकमेकांच्या नजरेसमोर. केलेरा माझ्या चेहऱ्याला पावडर लावत होती, तिची बोटं माझ्या गालावर होती. एखाद्या संशयितासाठी मी स्वतः साक्ष द्यावी, असं पहिल्यांदाच होतंय. तिने तेव्हा टोपली सरकवली, ती हलकी लागली. लागणारच. टोपलीत सकाळपासूनच काही नव्हतं. तंबुआ कोटाखाली होता. आणि स्टुडिओत तेव्हा एकच माणूस होता. कोटाची घडी करत."

वाइसाले हळूहळू मामाकडे वळला.

"उघडा," तारायविनी म्हणाली.

परमलने कापडाचा कोपरा ओढला. चर्रकन आवाज झाला. पेटीच्या तळाशी, काचेच्या नळीला जवळजवळ टेकून, लाल गाठोडं बसलं होतं. तासभर स्टुडिओ पालथा घातला आणि हा दिवा त्यांच्यामध्येच उभा होता.

"चोराच्या उलट्या बोंबा," परमल पुटपुटला.

"कापड काढून नुसता दात ठेवला असता, तर कोणाला काही कळलं नसतं," तारायविनी म्हणाली. "तो पांढराच. उजेडाला काही झालं नसतं. पण तुमच्या घरी तो उघडा खाली ठेवत नाहीत. दिव्यात लपवतानाही तुम्ही ते पाळलंत, इसिमेली. अंगावर ठेवला असता तर झडतीत सापडला असता. पाणी ओसरल्यावर कोट विसरला म्हणून परत यायचं, तो काढायचा आणि घरी नेऊन पेटीत टाकायचा. असंच ना?"

इसिमेली खाली बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण बसताना त्याने भिंतीचा आधार घेतला.

"त्या माणसापुढे मला गुडघे टेकवत नव्हते," तो म्हणाला. "वीस वर्षं मी तो शब्द गिळून बसलोय. आणि आता मीच जाऊन माफी मागायची? तंबुआ हरवला असता तर कोणाची लाज गेली नसती. शहरात चोरीला गेला, एवढंच झालं असतं."

"आणि विनियाना?" वाइसालेने विचारलं. "माझं काय, मामा?"

"दुसरी मिळाली असती तुला."

वाइसालेने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"आणि हिच्याकडे बोट का दाखवलंत?" तारायविनीने विचारलं.

"कोणाकडे तरी दाखवावं लागलं असतं." इसिमेलीने केलेराकडे पाहिलं नाही. "तिचं काय जाणार होतं? तिचं नाव आधीच गेलेलं."

"माझी मुलगी जाणार होती," केलेरा म्हणाली.

 बाहेर वारा मधेच थांबला होता, वादळाचा मध्य डोक्यावर आला होता. आता अर्धा तास शांत जाईल आणि मग वादळ उलट्या बाजूने येईल, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी दाराकडे गेलं नाही.

वाइसालेने दिव्यातून गाठोडं काढलं आणि मामाच्या मांडीवर ठेवलं. "उठा," तो म्हणाला. "माफीसाठीच आणलाय ना हा? मग मागा. आधी इथे."

इसिमेलीने भाच्याकडे पाहिलं. मग तारायविनीकडे. तिने त्याला वाट दिली नाही. शेवटी त्याने लाल कापड सोडलं, पांढुरका दात दोन्ही हातांत धरला आणि केलेरासमोर गुडघ्यांवर आला. मान खाली घालून त्याने जुने शब्द म्हटले. माझा अपराध, माझं तोंड, माझं कूळ तुझ्यापुढे वाकलंय. 

केलेराने हात पुढे केला नाही. न घेणं हाही तिचा हक्क होता. इसिमेलीने दात आणखी पुढे धरला, तरी ती उभीच होती. तारायविनीला वाटलं, नको घेऊस. मग वाटलं, घे. तिचं तिलाच कळेना.

केलेराने तंबुआ घेतला. उलटासुलटा करून पाहिला.

"आता हा माझा?"

"तुझा," वाइसाले म्हणाला.

"मग मी म्हणेन तिथे जाईल." तिने तो परत इसिमेलीपुढे धरला. "उद्या विनियानाच्या बापाकडे जाईल. आणि तुम्हीच न्यायचा. गुडघ्यांवर. मी बरोबर येणार आहे, मागे बसून बघायला."

इसिमेलीने तिच्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच. मग दोन्ही हातांनी तो घेतला.

केलेरा तारायविनीकडे वळली. "सार्जंटबाई, वही आहे ना? लिहा. आजची तारीख घाला. चोरी केलेराने केली नाही, असं लिहा आणि सही करा. कल्याण खात्याच्या बाईंना दाखवायला लागेल."

तारायविनीने मेणबत्ती ओढून घेतली. आधी लिहिलेला कागद तिने फाडला आणि नव्या पानावर सुरुवात केली. नाव, वय, पत्ता, वेळ. लिहून झाल्यावर तिने सही केली आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"पुन्हा वाचा," केलेरा म्हणाली.

तारायविनीने पुन्हा वाचलं.